जंतूंची ऊब आणि पाण्यांतील विष

मराठवाड्यांत पूर्वीं जोंधळा सांठविण्यासाठीं जमिनींत पेव खणीत. पेवाचें तोंड बंद केल्यावर आंतील धान्याचा श्वासोच्छ्वास चालूच राही. धान्याबरोबर आंत गेलेले सूक्ष्म जंतूहि आपला उद्योग सोडीत नसत. कांहीं महिन्यांनीं पेव उघडलें म्हणजे त्यांतील प्राणवायु सरून गेलेला असे आणि त्याच्या जागीं कोंदट, प्राणघातक हवा भरलेली असे. म्हणून जाणतीं माणसें पेवांत एकाएकीं उतरत नसत. तोंड उघडें टाकून तीं आंतील हवा जाऊं देत आणि मग दोरीला बांधून एक दिवा खालीं सोडीत. दिवा तेवत राहिला तर माणूस उतरे. मालवला तर सारे थांबत. ती हवा कोणकोणत्या वायूंची बनलेली आहे, ह्याची चौकशी तो दिवा करीत नसे. ह्या ठिकाणीं जीव तगेल कीं नाहीं, एवढ्या एकाच प्रश्नाचें उत्तर तो देई. परंतु खालीं उतरणाऱ्या माणसाला त्या क्षणीं हवें असे तेंहि हेंच उत्तर.

नदीच्या आणि गटाराच्या पाण्याविषयीं असाच प्रश्न हल्लीं वारंवार उपस्थित होतो. कारखान्यांतून, रंगशाळांतून, शेतांवरील औषधांतून आणि शहरांच्या मोऱ्यांतून नाना प्रकारचीं रासायनिक द्रव्यें पाण्यांत मिसळतात. त्या मिश्रणांत जीव तगेल काय, हें सांगणारा एखादा दिवा हातीं असावा, अशी गरज स्वाभाविकच उत्पन्न झाली. असा एक दिवा शास्त्रज्ञांना सूक्ष्म जंतूंच्या उबेंत सांपडला आहे. जंतु जगत व वाढत असतां उष्णता बाहेर टाकतात. विषाचा उपद्रव झाला म्हणजे त्या उष्णतेच्या प्रवाहांत फरक पडतो. आणि तो फरक मोजून विषाची तीव्रता ठरवितां येते. ह्या पद्धतीची ओळख करून देणें हा प्रस्तुत भाषणाचा हेतु आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेच्या चार भिंतींतला आहे, असा समज होण्याचा संभव आहे. म्हणून प्रथम नांदेड आणि लातूर ह्या दोन शहरांकडे पाहिलेलें बरें. नांदेड गोदावरीच्या कांठीं वसलेलें आहे. शहराच्या वरच्या अंगास विष्णुपुरीचा जलाशय आहे, आणि खुद्द शहरांत हुजूर साहेबांच्या दर्शनास देशोदेशींचे यात्रेकरू येतात व गोदावरीच्या पाण्यास पवित्र मानून त्यांत स्नान करतात. लातूर जिल्ह्यास मांजरेचा आधार आहे. ही नदी बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते, आणि धनेगांव येथील तिच्या धरणावर लातूर शहराचा पाणीपुरवठा अवलंबून आहे. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत तें धरण कोरडें पडलें. शहरांत पाण्याच्या टाक्यांपाशीं तंटे होऊं नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें कृष्णेचें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून सुमारें ५ लक्ष लिटर पाणी लातुरास पोंचलें.

पाण्याच्या दुर्भिक्षाचा आणि विषाचा संबंध फार निकटचा आहे. श्रावणांत नदी दुथडी भरून वाहत असतां तिच्यांत पिंपभर आम्ल सांडलें तर तें हजारों पटींनीं पातळ होऊन जाईल. तेंच पिंप वैशाखांत एखाद्या डोहांत रिकामें झालें तर त्या डोहांतील एकहि मासा वांचणार नाहीं. मराठवाड्यांतील नद्यांना वर्षांतील पुष्कळ महिने पाणी बेताचेंच असतें, आणि त्या दिवसांत पात्रांतून जें वाहतें त्यांत शहराच्या सांडपाण्याचा वांटा मोठा असतो. अर्थात् जेथें नदी आपल्या विपुलतेनें विष झांकून टाकूं शकत नाहीं, तेथें विषाची वर्दी वेळेवर मिळणें अधिकच अगत्याचें ठरतें.

वर्दी मिळविण्याचा रूढ मार्ग म्हणजे रासायनिक पृथक्करण. तो उत्तम आहे आणि त्यावांचून चालणारहि नाहीं. परंतु त्याला एक मर्यादा आहे. रसायनवेत्त्याला पाण्यांत पारा आहे काय असें विचारलें तर तो पारा शोधतो. कॅडमियम आहे काय असें विचारलें तर कॅडमियम शोधतो. जें विचारलें नाहीं, तें बहुधा सांपडत नाहीं. शिवाय निरनिराळीं द्रव्यें एकत्र आलीं म्हणजे त्यांचा परिणाम साध्या बेरजेनें ठरत नाहीं. कांहीं विषें परस्परांना बळ देतात, तर कांहीं परस्परांचें बळ हरण करतात. पत्रकांत प्रत्येक द्रव्याचा आंकडा मर्यादेच्या आंत असावा आणि तरीहि मिश्रण जीवघेणें असावें, असें घडूं शकतें.

कायद्यानेंहि ही गोष्ट ओळखली आहे. महाराष्ट्रानें जलप्रदूषणास आळा घालणारा कायदा १९६९ सालीं केला व देशाचा कायदा १९७४ सालीं झाला. पुढें १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांना जोडलेल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत इतर आंकड्यांबरोबर माशांची कसोटीहि घालण्यांत आली. सोडावयाच्या सांडपाण्यांत, तें जराहि पातळ न करतां, मासे ठेवावेत, आणि ९६ तासांनंतर शेंकडा ९० मासे जिवंत असावेत, असा तो दंडक आहे. येथें पाण्याचें घटक न विचारतां पाण्याचा स्वभाव विचारला आहे. मात्र ९६ तास म्हणजे पुरे चार दिवस. तेवढ्या अवधींत गटारांत शिरलेलें विष नदींतून कोठल्या कोठें गेलेलें असतें.

आतां ह्या कामीं जंतूंनाच साक्षीला कां बोलवावें, असा प्रश्न कोणीहि विचारील. सुशिक्षित कुटुंबांत जंतु हा शब्द रोगाशींच जोडला गेला आहे. पाणी उकळावें, गाळावें, त्यांत औषध टाकावें, तें जंतु मारण्यासाठीं, अशी शिकवण लहानपणापासून मिळालेली असते. ती योग्यच आहे. परंतु रोगकारक जंतु हे त्या अफाट सृष्टींतील मूठभर होत. बाकीच्यांपैकीं असंख्य जंतु मैल्याचें, पाल्यापाचोळ्याचें व मृत देहांचें विघटन करून पाण्याची शुद्धि करीत असतात. मँचेस्टर येथें १९१४ सालीं आर्डर्न व लॉकेट ह्या दोघांनीं सांडपाण्यांत हवा फुंकीत राहून जंतुयुक्त गाळ तयार केला आणि तोच गाळ पुन्हांपुन्हां वापरून सांडपाणी कांहीं तासांत निर्मळ करण्याची पद्धति सिद्ध केली. त्यांना ह्या कामाची प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढें बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत अध्यापक म्हणून आले. आज जगांतील मोठमोठ्या शहरांचें सांडपाणी मुख्यतः ह्याच पद्धतीनें किंवा तिच्या सुधारलेल्या रूपांनीं स्वच्छ केलें जातें.

ह्याचा अर्थ असा कीं, शुद्धीकरण केंद्राचे खरे कामकरी जंतूच आहेत. एखाद्या रात्रीं कोणी अज्ञात टँकर गटारांत रिकामा केला आणि त्यांतील विषानें हे कामकरी मेले, तर पंप फिरत राहतील, हवेचे बुडबुडे उठत राहतील, परंतु एका बाजूनें आलेला मैला दुसऱ्या बाजूनें जसाच्या तसा नदींत जाईल. मेलेला गाळ पुन्हां सजीव करण्यास कित्येक आठवडे लागतात. त्या आठवड्यांत नदीच्या खालच्या अंगास असलेल्या गांवांनीं काय प्यावें? म्हणून माशाच्या प्रकृतीइतकीच जंतूंच्या प्रकृतीची विचारपूस करणें जरूर आहे. किंबहुना सांडपाण्याच्या बाबतींत ती आधीं करावयास हवी.

जंतु तर डोळ्यांना दिसतहि नाहींत. त्यांची नाडी कशी पाहावयाची? येथें उष्णता मदतीस येते. जगणें म्हणजे एक प्रकारचें मंद जळणें, ही कल्पना जुनी आहे. इ. स. १७८२-८३ च्या हिवाळ्यांत पॅरिस येथें लाव्हाझिए व लाप्लास ह्यांनीं बर्फानें वेढलेल्या एका पात्रांत गिनीपिग नांवाचा लहानसा प्राणी ठेवला आणि त्याच्या अंगच्या उबेनें किती बर्फ वितळतें तें मोजलें. दहा तासांत सुमारें १३ औंस बर्फ वितळलें. त्या उष्णतेचा मेळ त्यांनीं प्राण्याच्या उच्छ्वासाशीं घालून पाहिला, आणि कोळसा जळणें व प्राणी श्वास घेणें ह्या दोहोंत मूलतः साम्य आहे, असा निष्कर्ष काढला.

जंतूंच्या अंगीं अशी ऊब असते हें शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं. पौष महिन्यांत पहांटे उकिरडा उकरला तर त्यांतून वाफा निघतात. ओला कडबा गंजींत रचला तर आंतून तापतो व काळा पडतो. ढिगांत जंतूंची संख्या अगणित असल्यामुळें ही उष्णता हाताला जाणवते. परंतु चमचाभर पाण्यांतील जंतूंची उष्णता मोजावयाची म्हणजे साधा उष्णतामापक उपयोगी नाहीं.

ह्या दिशेनें एक महत्त्वाचें पाऊल आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें टाकलें. स्नायूंच्या उष्णतेवरील संशोधनाबद्दल १९२२ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे व १९४३-४४ मध्यें भारतांतील विज्ञानसंशोधनाची पाहणी करण्यासाठीं येथें येऊन गेलेले तेच हे हिल. त्यांनीं १९११ सालीं एक युक्ति वर्णन केली. चहा गरम राहण्यासाठीं घरोघर जी दुहेरी भिंतीची बाटली वापरतात, तसल्या दोन बाटल्या त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवल्या. एकींत जंतु किंवा आंबणारा पदार्थ, दुसरींत तसाच पण निर्जीव द्रव. बाहेरची हवा थंड झाली किंवा तापली तर दोहोंवर सारखाच परिणाम होई; दोहोंमधील अंतर तेवढें जिवंत क्रियेमुळें पडे. तें अंतर विजेच्या साहाय्यानें मोजीत. दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून त्यांच्या एका सांध्यास उष्णता लागली म्हणजे तारेंत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हें झीबेक ह्यानें १८२१ सालींच दाखविलें होतें.

पुढें मार्सेय येथें तियां व काल्व्हे ह्यांनीं ह्या युक्तीस फार सूक्ष्म रूप दिलें. त्यांनीं पात्राभोंवतीं असे शेंकडों सांधे बसविले, त्यामुळें आंतून बाहेर जाणारी जवळजवळ सारी उष्णता त्यांच्यामधून जाऊं लागली. १९६० नंतर स्वीडनमधील लुंड येथें इंगेमार वाड्सो ह्यांनीं वाहत्या द्रवाची उष्णता मोजणारीं यंत्रें तयार केलीं, आणि तेव्हांपासून जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळांत हें साधन रुळलें.

ह्या यंत्राची सूक्ष्मता ध्यानांत येण्यासाठीं थोडा हिशेब करावा लागेल. जोमानें वाढणारा एक जंतु सुमारें दोन पिकोवॅट उष्णता देतो. पिकोवॅट म्हणजे एका वॅटाचे एक लक्ष कोटि भाग केले असतां त्यांतील एक भाग. म्हणजे एक लक्ष कोटि जंतु जमले तर त्यांची मिळून ऊब दोन वॅट होईल. उलटपक्षीं, एका कुपींत ४ मिलिलिटर पाणी व त्यांत केवळ १ लक्ष जंतु असले, आणि उष्णता मुळींच बाहेर गेली नाहीं असें मानलें, तर तें पाणी एका अंशाच्या हजाराव्या भागानें तापण्यास जवळजवळ एक पूर्ण दिवस लागेल. इतकी मंद ऊब चांगल्या यंत्रास कळते. म्हणूनच त्याच्या सभोंवतींचें उष्णमान अत्यंत स्थिर राखावें लागतें. दार उघडल्यानें आलेली वाऱ्याची झुळूक जंतूंच्या आवाजाला बुडवून टाकण्यास पुरेशी असते.

आतां प्रत्यक्ष प्रयोग. अन्नद्रव्य घातलेल्या पाण्यांत थोडे जंतु सोडून कुपी यंत्रांत ठेवतात. आरंभीं कांहीं वेळ विशेष घडत नाहीं. जंतु नव्या जागेशीं जुळवून घेत असतात. मग वाढ सुरू होते. आंतड्यांत राहणारा एश्चेरिकिया कोलाय नांवाचा जंतु सर्व परिस्थिति अनुकूल असली तर दर २० मिनिटांनीं दुप्पट होतो. त्याबरोबर उष्णतेचा प्रवाहहि दर २० मिनिटांनीं दुप्पट होतो आणि कागदावरील रेषा झपाट्यानें वर चढते. अन्न किंवा प्राणवायु संपत आला म्हणजे रेषा शिखर गांठून खालीं उतरते. निरोगी जंतूंच्या दिनचर्येचें हें चित्र होय.

मग त्याच जंतूंच्या दुसऱ्या कुपींत संशयित पाणी घालतात, तिसरींत त्याहून अधिक, चवथींत आणखी अधिक. विष असल्यास चित्र बदलतें. आरंभींचा स्तब्धतेचा काळ लांबतो, चढण सौम्य होते, शिखर बुटकें राहतें, आणि विष फार झालें तर रेषा आडवीच राहते. ज्या प्रमाणांत वाढीचा वेग निम्म्यावर येतो, त्या प्रमाणाला अर्धरोधक मात्रा म्हणतात. ती मात्रा जितकी लहान, तितकें विष जहाल. ह्या एका आंकड्यामुळें पारा, कॅडमियम, तांबें, सहासंयुजी क्रोमियम, फिनॉल इत्यादि द्रव्यांची परस्परांशीं तुलना करतां येते, आणि ज्यांतील घटक अज्ञात आहेत अशा सांडपाण्यालाहि त्याच मापानें मोजतां येतें.

वेग निम्म्यावर येणें ही गोष्ट वरवर पाहतां मामुली वाटेल. समजा, निर्मळ पाण्यांत जंतु दर २० मिनिटांनीं दुप्पट होत आहेत आणि दूषित पाण्यांत दर ४० मिनिटांनीं. दोनशें मिनिटांनंतर पहिल्या कुपींत प्रत्येक जंतूचे १०२४ झालेले असतील, दुसरींत अवघे ३२. वेगांतील दुपटीचा फरक साडेतीन तासांच्या आंत बत्तीस पटींचा होतो. जंतूंच्या साक्षीचें बळ ह्या गुणाकारांत आहे. चार दिवस वाट न पाहतां त्यांचें उत्तर कांहीं तासांत मिळतें तें त्यामुळेंच.

निरनिराळीं विषें जंतूंवर निरनिराळ्या वाटांनीं आघात करतात. पारा पेशींतील प्रथिनांच्या गंधकयुक्त भागांना चिकटून त्यांचें काम बंद पाडतो. सायनाइड श्वसनाची अखेरची पायरीच अडवून धरतें. फिनॉल पेशीच्या पातळ आवरणास इजा करतें. ह्या सर्वांत उष्णता कमी होते व त्याचा अर्थ सरळ लागतो. परंतु कांहीं विषें अशीं आहेत कीं, त्यांच्यामुळें उष्णता प्रथम वाढते. ह्या ठिकाणीं उतावीळ परीक्षक फसण्याची भीति असते.

डायनायट्रोफिनॉल हें ह्या जातीचें द्रव्य होय. त्याचें कार्य मोटेच्या दृष्टान्तानें समजतें. बैल मोट ओढतात, मोट थारोळ्यांत रिकामी होते, आणि थारोळ्यांतून पाटानें पाणी पिकाला जातें. थारोळेंच फुटलें तर पाणी पुन्हां विहिरींत जाईल. मळा भिजला नाहीं म्हणून गडी बैलांना आणखी दामटील. बैल घामाघूम होतील आणि पीक वाळेल. डायनायट्रोफिनॉल पेशींतील थारोळें फोडतें. अन्न जोरानें जळतें, उष्णता वाढते, पण त्यांतून वाढीसाठीं शक्ति सांठत नाहीं. अमेरिकेंत १९३३ च्या सुमारास हेंच द्रव्य लठ्ठपणा घालविण्याचें औषध म्हणून दिलें जाऊं लागलें. वजन उतरे हें खरें. परंतु कित्येकांना मोतीबिंदु झाला आणि कांहीं जण अंगांतील उष्णतेनेंच दगावले. १९३८ सालीं तेथें त्यास बंदी झाली. माणसाच्या बाबतींत झाली ती चूक जंतूंच्या बाबतींत होऊं नये, म्हणून उष्णतेचा एकच आंकडा न पाहतां सबंध रेषा वाचावी लागते: चढण किती, शिखर केव्हां, एकूण उष्णता किती, आणि शेवटीं कुपींत जंतु खरोखर किती वाढले. ताप चढलेल्या रोग्याचें अंग गरम लागतें म्हणून त्यास कोणी सुदृढ म्हणत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

दुसऱ्याहि खबरदाऱ्या आहेत. नळाच्या पाण्यांत जंतुनाशासाठीं क्लोरिन घातलेला असतो. तो आधीं निष्प्रभ केला नाहीं तर उत्तम पाणीहि विषारी म्हणून नोंदलें जाईल. कांहीं द्रव्यें परस्परांत मिसळतांच आपोआप उष्णता सोडतात. म्हणून जंतु न घातलेली एक कुपी तुलनेसाठीं ठेवावी लागते. ज्या जंतूंना एखाद्या विषाची संवय झाली आहे ते त्या विषाविरुद्ध तक्रारच करणार नाहींत. म्हणून साक्षीदार एकाच जातीचा नसावा हें चांगलें.

ह्या कसोटीचे गुणहि विशेष आहेत. समुद्रांतील प्रकाश देणाऱ्या जंतूंच्या तेजावरून विष ओळखण्याची एक झटपट पद्धति प्रचारांत आहे; परंतु तिला खारें पाणी लागतें, आणि गढूळ किंवा रंगीत पाण्यांत प्रकाश अडतो. उष्णतेला रंगाची व गढूळपणाची अडचण नाहीं. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारें गर्द तपकिरी सांडपाणी घ्या किंवा पहिल्या पुराची लाल गढूळ गोदावरी घ्या, जंतूंची ऊब तींतून बाहेर येतेच. शिवाय उष्णता आणि प्राणवायु ह्यांचें एक ठराविक नातें आहे. थॉर्नटन ह्यानें १९१७ सालीं दाखविल्याप्रमाणें सेंद्रिय पदार्थ कोणताहि असो, तो जळतांना खर्च झालेल्या प्रत्येक ग्रॅम प्राणवायूमागें जवळजवळ सारखीच उष्णता निघते. ती सुमारें १४ हजार जूल भरते. आपल्याकडे सांडपाण्याची प्राणवायूची भूक २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवस ठेवून मोजण्याची रीत आहे. भूक किती आणि ती भागविणारे जंतु धडधाकट आहेत कीं नाहींत, हे दोन्ही प्रश्न उष्णतेच्या एकाच भाषेंत विचारतां येतात.

असें असलें तरी ह्या दिव्याच्या उजेडाला सीमा आहेत, आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. नांदेड जिल्ह्यांतील किनवट तालुक्याच्या कांहीं गांवांत भूजलांतील फ्लोराइडचें प्रमाण मर्यादेबाहेर आढळलेलें आहे. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा मानतात. त्याहून कांहीं पटींनीं अधिक असलेलें पाणी वर्षानुवर्षें प्याल्यानें मुलांचे दांत डागाळतात व मोठ्यांचीं हाडें ताठरतात. पण तेवढ्या फ्लोराइडाची जंतु दखलहि घेणार नाहींत. त्यांचें आयुष्य घटकाभराचें, माणसाचें साठसत्तर वर्षांचें. जें विष हळूहळू सांचून घात करतें, त्याची वर्दी हा दिवा देऊं शकत नाहीं. तेथें रासायनिक पृथक्करणच हवें. तात्पर्य, जंतूंनीं धोका सांगितला तर तो खरा मानून शोध घ्यावा. परंतु जंतु स्वस्थ राहिले एवढ्यावरून पाणी पिण्याजोगें आहे असें अनुमान कोणीहि काढूं नये.

मग नांदेड-लातुरास ह्याचा उपयोग कोठें? सर्वांत आधीं सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या दाराशीं. तेथील गाळांतलेच जंतु घ्यावेत, कारण ज्यांना काम करावयाचें आहे त्यांचेंच मत महत्त्वाचें. येणाऱ्या पाण्याचा नमुना त्यांना द्यावा, आणि रेषा खालावली कीं तें पाणी मुख्य टांकींत न घेतां बाजूच्या टांकींत अडवून ठेवावें. मग रसायनवेत्त्यानें त्यांतील विषाचें नांव शोधावें व तें कोणत्या वाटेनें आलें ह्याचा माग काढावा. गाळ मेल्यावर शोकसभा भरविण्यापेक्षां हा मार्ग पुष्कळ स्वस्त आहे. दुसरा उपयोग नदीवर: उन्हाळ्यांत पाणी आटत असतां डोहाडोहांतील नमुने तपासून कोणत्या डोहाकडे आधीं धांवलें पाहिजे, हें ठरवितां येईल. पृथक्करणाचीं महागडीं यंत्रें थोडीं व नमुने फार, अशा स्थितींत ही निवड लहानसहान गोष्ट नाहीं.

उष्णतामापक यंत्र स्वस्त नाहीं आणि तें हाताळण्यास धीर लागतो, हेंहि मान्य केलें पाहिजे. परंतु तें एकदां बसविलें म्हणजे दर नमुन्यामागें लागणारा खर्च म्हणजे थोडें अन्नद्रव्य व थोडे जंतु. नांदेड येथें १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें व त्याचें उपकेंद्र लातुरास आहे. रसायन, पदार्थविज्ञान आणि जंतुशास्त्र ह्या तीन विषयांचे विद्यार्थी एकाच मेजाभोंवतीं बसवील असा हा प्रश्न आहे. त्या मेजापासून थोड्याच अंतरावर गोदावरी वाहते, हाहि एक योगच.

लातूर जिल्ह्यांतून गेलेली मांजरा कर्नाटकांतून व तेलंगणांतून मोठा वळसा घेऊन उत्तरेकडे वळते आणि नांदेडच्या खालच्या अंगास, कंदकुर्तीपाशीं, गोदावरीस मिळते. म्हणजे दोन्ही शहरांनीं आपापल्या नदींत जें सोडलें त्याचा हिशेब अखेर एकाच ठिकाणीं जमा होतो, आणि तेथून पुढें तें पाणी दुसऱ्यांचें होतें. पेवांत उतरणारा माणूस दिवा आधीं सोडी, कारण जीव त्याचा स्वतःचा असे. नदीच्या खालच्या अंगास राहणाऱ्यांच्या हातीं ती दोरी नाहीं. ती वरच्या गांवांच्या हातीं आहे, आणि दिवा सोडून पाहण्याचें कर्तव्यहि त्यांचेंच आहे.